न वाकणाऱ्या गुडघ्याची बाजू

तीर्थस्वरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. दिवसभर टॅब्लेटवर ओणवं बसून माझी पाठ अशी धरली आहे की खरोखर वाकले तर उठवायला तुलाच यावं लागेल.) तुझा नवा गुडघा कसा आहे? दादाने कळवलं की तू आता कठड्याला हात न लावता जिना चढतेस, पाय दुमडून खुर्चीत बसतेस आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाच उलट चार व्यायाम शिकवतेस. वाचून आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अर्धाच झाला. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं हे सांगायलाच हे पत्र आहे. तेव्हा चष्मा लाव, काकांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांग (ते करणार नाहीत, पण सांग) आणि शेवटपर्यंत वाच. फोनवर लांबलचक निरोप पाठवला की तू पहिल्या दोन ओळी वाचून अंगठा पाठवतेस. माझी नोकरी धोक्यात आहे असं मी परवा कळवलं, त्यावरही तुझा अंगठाच आला. म्हणून हा कागद.

कागदाची सवय मात्र पार मोडली आहे. पहिल्याच ओळीत खाडाखोड झाली तेव्हा मी काय केलं असेल? दोन बोटं जोडून कागदावर टेकवली. आमच्या टॅब्लेटवर तसं केलं की शेवटची चूक नाहीशी होते, जणू झालीच नव्हती. कागद ढिम्म. मी पुन्हा टेकवली, जरा जोरात. मग आजूबाजूला कुणी पाहत नाही ना हे बघून मुकाट्याने पेनाने खोडलं. हसू नकोस, आमच्या धंद्यात सगळ्यांचं हे होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण वर्तमानपत्रातला फोटो दोन बोटांनी मोठा करायला बघते, आणि मोठा होत नाही म्हणून वर्तमानपत्रावर चिडते. मी स्वतः परवा चहाचा कप लवंडला तेव्हा फडकं आणायच्या आधी टेबलावर दोन बोटं टेकवून पाहिली. चहा परत कपात गेला नाही. पण एक क्षणभर मला खरंच वाटलं होतं की जाईल.

यावरून तू असा अर्थ काढशील की भाची यंत्रांना विटली आहे. मुळीच नाही. ज्यांना रंग कालवून बोटं माखून घेण्यात थोरवी वाटते त्यांनी खुशाल माखावीत, मला माझा डिजिटल पेन प्यारा आहे. आमच्याकडे चित्र थराथरांनी काढतात, काचेवर काच ठेवावी तसं. एका थरावर जनावर, एकावर सावली, एकावर माझ्या मनातल्या शंका. नको तो थर बंद करायचा, चित्र शाबूत. फक्त दोन अवजारं मी कधी वापरत नाही. एक म्हणजे थरथरती रेघ आपोआप गुळगुळीत करणारं. दुसरं आरशाचं: तुम्ही अर्धं जनावर काढा, उरलेलं अर्धं ते काढून देतं. वेळ वाचतो म्हणतात. वाचत असेल, पण असं काढलेलं जनावर बघ, ते नेहमी पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखं दिसतं. जिवंत प्राणी कुठल्या तरी एका बाजूला कललेला असतोच. काकांकडे बघ. वर्षानुवर्षं रिमोटच्या बाजूला कलले आहेत, म्हणून तर लांबूनही ओळखू येतात.

आता कामाचं. मी काय काम करते हे तू लोकांना 'कॉम्प्युटरवर चित्रं' असं सांगतेस, ते बरोबरच आहे, पण आज थोडं सविस्तर सांगायला हवं. आमची कंपनी एक खेळ बनवते. त्यात खेळणारा माणूस एका अनोळखी मुलखातून हिंडतो, वाटेत नाना तऱ्हेची जनावरं भेटतात आणि ती सगळी मी काढते. बहुतेक जनावरं अंगावर येतात, माणूस तलवार काढतो, जनावर पडतं, माणूस पुढे जातो. (हे काढायला सोपं आणि बघायला कंटाळवाणं.) एक जनावर मात्र वेगळं आहे. ते एका दारात बसलेलं असतं. घोड्याएवढं अंग, पाठीवर खवले, मोठे पंख आहेत पण ते उडायला वापरत नाही, शालीसारखे खांद्यावरून ओढून घेतं. मागचा एक पाय दुमडलेला आणि दुसरा सरळ पुढे, उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोळे मिटलेले. प्रवाशाला वाटतं झोपलंय, आणि तो हळूच पायावरून पलीकडे जायला बघतो. तेवढ्यात एक डोळा उघडतो आणि ते विचारतं, "कुठे निघालास? काय काम आहे? आणि सांगितलं कुणी तुला की आत जायचं म्हणून?"

त्याच्यापुढे तलवार चालत नाही, आग चालत नाही, काही चालत नाही. नीट उत्तर द्यावं लागतं. सुरुवातीला खेळणाऱ्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला की हे जनावर मरत कसं नाही. मग हळूहळू त्याच लोकांचा त्याच्यावर जीव जडला. कुणी त्याचं चित्र खोलीच्या दारावर चिकटवलं, कुणी अंगातल्या शर्टावर छापून घेतलं. ऑफिसात त्याला 'बाईसाहेब' म्हणतात. आतापर्यंत तुझ्या लक्षात आलं असेल. नसेल तर काकांना एवढंच वाचून दाखव, ते टीव्हीवरची नजर न काढता सांगतील.

होय आत्या. ती तू आहेस.

रागाव, हक्काने रागाव, पण पुढचं वाचल्यावर. तुझ्या घरी मी सुट्टीला यायचे तेव्हा मागच्या खोलीत बसून चित्रं काढायचे, आठवतं? पाहुणे भरलेले असायचे. कुणाला पाणी द्यायला मी हवी असायचे, कुणाला माझी चित्रं मागवून घेऊन हसायचं असायचं. (तुझ्या धाकट्या दिरांनी माझ्या सहा पायांच्या गायीला काय काय म्हटलं होतं ते मी विसरलेले नाही. ती गाय नव्हती. मी तेव्हाही सांगितलं होतं.) तू त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचीस, तो न वाकणारा पाय समोर सोडून, आणि दार बंद व्हायचं. ओलांडायची कुणाची छाती नव्हती. लोक म्हणायचे, पोरगी आत करते काय? तू डोळे न उघडता म्हणायचीस, "काम करतेय ती." मी जे करायचे त्याला काम म्हणणारं त्या घरात, किंवा आमच्या घरातही, दुसरं कुणी नव्हतं. मला तेव्हा ते फार आवडलं होतं आणि आजही आवडतं. म्हणून जनावर काढायची वेळ आली तेव्हा मी पुस्तकं चाळत बसले नाही. मला माहीत होतं दार कसं अडवतात.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या साहेबांनी यंत्र आणलं. (साहेब माणूस वाईट नाही. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट लवकर व्हायला हवी असते, जेवणसुद्धा ते उभ्याने करतात.) हे यंत्र म्हणे जुनी चित्रं बघून बघून शिकतं आणि मग तसलीच नवी स्वतः काढतं. त्याला माझी आजवरची बाईसाहेबांची सगळी चित्रं दाखवली, बसलेली, जांभई देणारी, प्रवाशाच्या टोपीबद्दल मत देणारी. एका इंजिनिअरला त्याच्या तैनातीला बसवलं. माझ्यापुरतं बोलायचं तर मी त्या यंत्रावर दात धरून नव्हते. म्हटलं, बघू तरी काय शिकतंय.

मोठ्या पडद्यासमोर सगळे जमलो. साहेबांनी हुकूम सोडला, बाईसाहेब धावताना दाखव. यंत्राने दाखवलं. तीन पायांनी धावत होत्या आणि चौथा सरळ पुढे काढलेला. बरं, उडताना दाखव. उडत होत्या, एक पाय पुढे. साहेबांना वाटलं, बाईसाहेबांतच काहीतरी खोट आहे, दुसरा प्राणी काढू. हरीण काढ म्हणाले. हरीण आलं, देखणं, डोळे मोठे, आणि एक पाय असा ताठ पुढे, जणू दारातून कुणी जाऊन दाखवावंच. पक्षी काढला तर फांदीवर बसलेला, एक तंगडी आडवी. शेवटी इंजिनिअरने कपाळावरचा घाम पुसत एक साप मागितला. आत्या, मी खरं सांगते, त्या सापालाही गुडघा होता.

खोलीत कुणी हसेना. मला मात्र फार अभिमान वाटला. कुणाचा विचारशील तर यंत्राचा. इतक्या माणसांनी इतकी वर्षं बघून जे कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही, ते त्या मुक्या पेटीला बरोबर कळलं होतं: बाकी सगळं हललं तरी चालेल, हा पाय हलायचा नाही. मी तर घरी येऊन त्या सापाचं चित्र मोठं करून बघत बसले. इंजिनिअरने मात्र तपासून दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत निकाल दिला की यंत्र ठणठणीत आहे, दोष मूळ चित्रांत आहे. झालं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहेब मला म्हणाले, अगदी गोडीत म्हणाले, की तू असं कर, तुझी जुनी चित्रं एकेक उघड आणि सगळ्यांत तो पाय दुमडून दे. यंत्र पुन्हा नव्याने शिकेल. मग बाईसाहेब धावतील, उडतील, लोळतील, आणि तुलाही इतकं राबावं लागणार नाही. मी म्हटलं, नाही दुमडणार. ते म्हणाले, का? मी म्हटलं, तो दुमडत नाही. ते म्हणाले, अगं, चित्र आहे, आपण म्हणू तसं होईल. इथे माझा तोल गेला आणि तोंडातून निघून गेलं, "चित्र असेल तुमच्यासाठी. माझी आत्या आहे ती!"

कोपऱ्यात कंपनीच्या वकीलबाई बसल्या होत्या. (त्या प्रत्येक बैठकीला असतात आणि कधीच बोलत नाहीत, मला बरेच दिवस त्या पाहुण्या वाटायच्या.) त्यांनी मान वर केली आणि विचारलं, आत्या हयात आहेत का? मी म्हटलं, भरपूर. तेव्हा त्यांनी भिंतीवर टांगलेल्या नियमांकडे बोट दाखवलं. ते नियम साहेबांनीच बाहेरच्या लोकांपुढे मिरवायला छापून लावले होते. त्यात लिहिलं होतं की कुठल्याही हयात माणसावरून काढलेलं चित्र त्या माणसाच्या सहीशिवाय यंत्राला शिकवायचं नाही. हाताने काढायला मुभा आहे, यंत्राला नाही. असा भेद का, हे मी विचारलं नाही. आपल्या बाजूने निघालेल्या नियमाची मी उलटतपासणी करत नसते.

साहेबांचा चेहरा उतरला, पण हार मानणाऱ्यांतले ते नव्हेत. तुझ्या ऑपरेशनसाठी मी रजा घेतली होती हे त्यांना नेमकं आठवलं. म्हणाले, तुझ्या आत्यांनी स्वतः गुडघा बदलून घेतला ना? त्या आता व्यवस्थित पाय दुमडून बसतात ना? मग त्यांची तक्रार नाही तर तुझी का? आत्या, माझा आनंद अर्धाच झाला तो इथे. आयुष्यभर हट्टाने ताठ ठेवलेला पाय तू नेमका याच वर्षी वाकवलास! तुझी कळ थांबली, तू रात्री नीट झोपतेस, याचं मला मनापासून बरं वाटतं. पण दोन महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं, असंही वाटतं. एका माणसाला दोन्ही वाटू शकतं, आणि ज्यांना नाही वाटत त्यांनी यंत्रापेक्षा वेगळं असल्याचा तोरा मिरवू नये.

साहेबांना मात्र मी उत्तर दिलं. ऐकून ठेव, कारण घरी कुणी विचारलं तर तुला सांगता यायला हवं. मी म्हटलं, डॉक्टरांनी जो बदलला तो दुखणारा गुडघा होता. माझ्या चित्रातला दुखत नाही, तो दार अडवतो. त्याला बरं करायची गरज नाही. तुमच्या पळणाऱ्या, उडणाऱ्या जनावरांची मुलखात काय कमी आहे? हे एकच असं आहे जे जागचं हलत नाही आणि समोरच्याला थांबायला लावतं, म्हणून तर लोकांना ते हवंय. त्याचा पाय दुमडला की ते एक जाडजूड कुत्रं होईल. साहेबांनी मध्येच विचारलं, त्या दारामागे एवढं आहे तरी काय, जे आजवर आपण दाखवलंच नाही? मी म्हटलं, "आत कुणीतरी काम करतंय." यावर साहेब उभ्याउभ्याच समोरचे कागद चाळायला लागले. मला वाटतं, थोडं लागलं असावं. मला तर लागलंच होतं, म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि तिथेही रागाने दोन ग्लास प्यायले.

निकाल असा लागला: तू सही दिलीस तर यंत्र पुन्हा शिकणार, पाय दुमडला जाणार, आणि तो दुमडायला दुसरं कुणीतरी बसवणार, कारण मी बसणार नाही हे मी लिहून दिलं आहे. मग मला खेळातली बटणं काढायला देणार आहेत. बटणं, आत्या! गोल आणि चौकोनी. सही दिली नाहीस तर बाईसाहेब आहेत तशा राहतील आणि माझ्याच हाताने राहतील. मी तुझ्यावर कसलाही दबाव आणत नाही. तू स्वतंत्र बाई आहेस, गुडघाही तुझा आहे. शांत मनाने काय तो निर्णय घे, मला राग येणार नाही.

काकांना नमस्कार, दादाला आशीर्वाद नाही, कारण तो मोठा आहे आणि तुझ्या ऑपरेशनची घाई त्यानेच केली. तब्येतीला जप.

तुझी,
सहा पायांची गाय काढणारी भाची

ता. क. वर 'शांत मनाने निर्णय घे' असं लिहिलं आहे ते वकीलबाईंच्या सांगण्यावरून. पत्र त्यांना दाखवून मगच पाकीट चिकटवायचं ठरलं होतं, तसं मी दाखवलं. ही ओळ त्यानंतर लिहिते आहे. राग येणार नाही हे साफ खोटं आहे. मला भयंकर राग येईल. सही करू नकोस.

ता. क. २. पुढच्या आठवड्यात तुझी सही घ्यायला कंपनीचे एक गृहस्थ येतील. गुळगुळीत दाढी, हातात फुलं आणि कागद. ते तुला आजी म्हणतील. बोलायला फार गोड आहेत, समोरच्याच्या होकारावाचून ते आजवर कुठून परतलेले नाहीत म्हणे. तुझ्या व्यायामवाल्या बाईंची परवानगी असेल तर त्या दिवसापुरती खुर्ची दारात टाक आणि पाय पूर्वीसारखा सोड. नसेल तर परवानगी मागूच नकोस.

ता. क. ३. त्या गृहस्थांनी तुझ्या स्वभावाची चौकशी केली होती. मी सांगितलं की आत्या अतिशय मवाळ आहे, परक्या माणसाला नाही म्हणणं तिच्या रक्तातच नाही. त्यांना इतकं हायसं वाटलं की वकीलबाईंना बरोबर न आणता ते एकटेच यायला तयार झाले. कधी आलेलं बरं पडेल असंही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दुपारी जेवण झाल्यावर, तू नुकती आडवी पडतेस ना, तेव्हा. बेल ऐकू आली नाही तर जोरात दार वाजवा, म्हटलं, तिला आवडतं.